भुतांची सोबत

मी भयकादंबऱ्या वाचतो असे जळगावच्या आमच्या प्राध्यापक मंडळींत कळले, की हातातला चहाचा कप खाली ठेवून सारे माझ्याकडे पाहतात. पाहोत बापडे! नारायण धारप (१९२५–२००८) मी वर्गात शिकवीत नाही, धुळ्याच्या एस.टी.त मात्र सोबतीला तेच असतात.

त्यांची 'लुचाई' स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा वाचावी. रक्तपिपासू परदेशचा असेल. त्याला भिणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. त्यांचे 'समर्थ' मात्र मला मानवत नाहीत. ते आले, की समोर केवढेही पिशाच असो, मी निर्धास्तपणे शेंगा सोलू लागतो.

हृषीकेश गुप्ते यांची 'हाकामारी' त्या मानाने अलीकडची. ती रात्री दाराशी येऊन हाक मारते, ओ दिली की माणूस संपला, अशी जुनी समजूत. मला भुतापेक्षा त्या हाकेचेच भय वाटले. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर निजणारी माणसे; खालून कोणी नाव घेतले तर ओ द्यायची नाही म्हणजे काय? हल्ली मी तिसऱ्या हाकेपर्यंत थांबतो. शेजारी त्याला शिष्टपणा म्हणतात.