मुरमाच्या वाटा

अहिल्यानगर जिल्ह्यात रस्ते थोडे नाहीत. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यातून (2024 पर्यंत त्याचे नाव अहमदनगर असे होते) पुण्याकडे, नाशिककडे, सोलापूरकडे जाणारी वाहने रात्रंदिवस धावत असतात. तरीही खेड्यातील एखाद्या मुलाला सायकलवर बसून निर्भयपणे दोन कोस जावयाचे असेल, तर त्याने कोणता रस्ता धरावा, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर डांबरी सडक व्यापून टाकतात. उसाची टिपरी दोन्ही अंगांना बाहेर आलेली असतात, मागून मोटार कर्णा वाजवीत असते आणि बिचाऱ्या सायकलस्वाराला सडक सोडून खाली उतरावे लागते. मुख्याध्यापक म्हणून काम करीत असताना अशा रस्त्याने येणारी मुले मी पुष्कळ वर्षे पाहिली. पावसाच्या नव्हे, तर सडकेच्या भीतीने मुलीला घरी ठेवणारे पालकही पाहिले.

बिहारमध्ये 2006 साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली आणि माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. सायकल ही मोठीच देणगी आहे. परंतु सायकलीला वाटही हवी, आणि ती नव्याने शोधावयास नको, असे माझे मत आहे. ती आपल्या शिवारात पिढ्यानपिढ्या आहेच.

दोन गावांच्या सीमेवरून जाणारा शिवरस्ता, शेतांच्या बांधांमधून जाणारी पाणंद, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी घडविलेली गाडीवाट आणि पाटाच्या कडेचा देखरेखीचा रस्ता, अशा या वाटा होत. मोटारींना त्यांच्याशी फारसे कर्तव्य नसते. खाली मुरूम, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, क्वचित एखादी चिंच. अशा खडबडीत भूमीवर सायकल चालवणे एके काळी मोठी शिक्षाच होती, कारण तिची चाके भरीव असत. बेलफास्ट येथील डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि 1888 साली तिचे पेटंट घेतले. आज आपण खड्यांवरून सुखाने जातो, ते या हवेच्या गादीमुळे.

यांतील पाटाची वाट मला विशेष प्रिय आहे. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले. तेथून नदीने आलेले पाणी संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या व उजव्या कालव्यांत घातले जाते. पाणी आपल्या वजनानेच पुढे सरकावे, इतकाच बेताचा उतार कालव्याला दिलेला असतो. साहजिकच त्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यालाही चढ-उतार जवळजवळ नसतात. ज्या सपाटीसाठी अभियंत्यांनी एवढा खटाटोप केला, ती सायकलस्वाराला आयती लाभते! मात्र पाटाचे काठ निसरडे असतात व पाण्याला ओढ असते. म्हणून काठापासून दूर राहावे, आणि एकट्याने तर तेथे जाऊच नये.

राहाता, श्रीगोंदा, संगमनेर या तालुक्यांत अशा वाटांच्या कडेला द्राक्षबागा आहेत. मोटारीतून जाणाऱ्याला बाग म्हणजे एक हिरवी रेघ दिसते. सायकलवरून जाणाऱ्याला बागेचे वर्ष दिसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा तारांच्या मांडवावर उघड्या काड्याच उरतात. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाली, की त्याच काड्यांना फुटवे येतात, मग बारीक मणी धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी घड पिकतात. औषधाची फवारणी चालू असेल, तर तेथे थांबू नये. घडाला हात लावू नये, हे का सांगावयास हवे? ज्याच्या बांधावरून आपण जातो, त्याचा विश्वास हीच आपली परवानगी असते.

अरण्य पाहावयाचे असेल, तर अकोले तालुक्यात जावे. 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर तेथेच आहे. 1986 साली हा डोंगराळ प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून घोषित झाला. रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन देवालय पाहून जलाशयाच्या काठाने, झाडीतून सायकल हाकण्यासारखे दुसरे सुख नाही. अर्थात वनखात्याचे नियम पाळूनच.

या वाटांचे मी केवळ गुणच गातो आहे, असे मात्र समजू नका. बाभळीचा काटा आणि सराटा हे नगरी सायकलीचे जुने वैरी आहेत. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते, की सायकलीवर बसण्याऐवजी सायकलच खांद्यावर घ्यावी लागते! म्हणून शेतकरी म्हणतो, “आमच्या पाणंदीवर डांबर टाका.” त्याचे गाऱ्हाणे खरे आहे. कांदा बाजारात न्यावयाचा, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवावयाचे, तर बारमाही रस्ता हवाच. राज्य शासनाने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती याच कारणाने. परंतु बारमाही म्हणजे डांबरीच, असे नव्हे. चांगला मुरूम दाबून बसविला, दोन्ही बाजूंना चर काढले, ओढ्यावर मोरी बांधली, तर बैलगाडी, ट्रॅक्टर आणि सायकल तिन्ही सुखाने जातात. डांबर आले, की त्यामागून वेग येतो, आणि वेग आला, की सर्वप्रथम मुले त्या वाटेवरून नाहीशी होतात.

इटलीतील टस्कनी प्रांतात द्राक्षबागा आणि वनराई यांमधून पांढऱ्या खडीचे जुने रस्ते जातात. तेही डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा 1997 साली गायोले या लहानशा गावी काही मंडळींनी ‘एरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. तीत जुन्या बनावटीच्या सायकलीच चालतात. हे रस्ते राखावेत, हाच त्यांचा हेतू होता. पुढे 2007 पासून त्याच खडीवर नामांकित सायकलपटूंची शर्यत होऊ लागली आणि ज्यांना कोणी विचारीत नव्हते, ते रस्ते जगप्रसिद्ध झाले.

आपल्याकडे वाटांना डांबरापेक्षाही मोठे भय नांगराचे आहे. दरवर्षी नांगराचे एक तास वाटेकडे सरकते. दहा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते, आणि एके दिवशी तेथे काटेरी कुंपण उभे राहते. कुणाला वाटावे, येथे कधी वाट नव्हतीच. परंतु गावनकाशा विसरत नाही. गाडीवाटा व पायवाटा त्यात तुटक रेषांनी दाखविलेल्या असतात, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 अन्वये वहिवाटीच्या रस्त्यावरील अडथळा दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारांना आजही आहे. तो नकाशा तलाठ्यांकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, पाहावयास मिळतो. त्यातील किती वाटा अद्याप जमिनीवर सापडतात, हे मोजावयास सुट्टीचे दोन दिवस पुरतात. नकाशाची नक्कल, एक पेन्सिल आणि पंक्चर काढण्याचे सामान मात्र बरोबर असावे.