खिडकीपाशी येणाऱ्याला दंड कशासाठी?



मी बँकेत कारकून आहे. वीस-बावीस वर्षे खिडकीच्या आत बसून नोटा मोजल्या, ड्राफ्ट लिहिले, पासबुके भरली. राजकारणावर लिहिण्याचा माझा अधिकार कितपत, हे मला ठाऊक नाही. पण खिडकीच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी चार शब्द लिहिण्याचा थोडाफार अधिकार आहे, असे वाटते.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. इंदूरला आमच्या गल्लीत एक मराठी कुटुंब राहते. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांचे थकलेले पैसे हाती यायला डिसेंबर २०२३ उजाडला. एवढ्या काळात घरची एक पिढी हातावर पोट घेऊन जगली. नातू बी.कॉम. झाला, दिवसा कापडाच्या दुकानात काम करतो आणि सरकारी भरतीची परीक्षा देण्याची उमेद धरून आहे. मी कॉमर्सचा, म्हणून संध्याकाळी माझ्याकडे टक्केवारी आणि व्याजाची गणिते घेऊन यायचा. मुलगा हुशार आहे, अक्षर सुरेख आहे.

एके दिवशी मी सहज विचारले, "अर्ज भरलास ना रे?" तो म्हणाला, "नाही काका, तारीख निघून गेली."

खोदून विचारले तेव्हा कळले ते असे. अर्जाचे शुल्क आणि वर तीस रुपये, एवढे पैसे घेऊन तो शेवटच्या दिवशी दुकानातून सुटल्यावर जवळच्या केंद्रावर गेला. मित्राने घरून अर्ज भरला होता, त्याला लागले तेवढ्यात आपलेही होईल असा त्याचा हिशेब. केंद्रावर शुल्काशिवाय पोर्टलचे पैसे मित्रापेक्षा जास्त निघाले. शिवाय फोटो आणि सही स्कॅन करण्याचे, प्रिंट काढण्याचे वेगळे. सत्तर रुपये कमी पडले. वडील रात्रपाळीवर. रात्री बारा वाजता पोर्टल बंद झाले.

"अरे, मी घरीच होतो," मी म्हणालो. तो मान खाली घालून म्हणाला, "सत्तर रुपयांसाठी तुमचे दार काय ठोठवायचे, काका."

त्या भरतीत तो निवडला गेलाच असता, असे मी म्हणत नाही. हजारोंनी बसतात, मोजके निवडले जातात. पण परीक्षेत नापास होणे वेगळे आणि परीक्षेच्या दारातच सत्तर रुपयांसाठी परत फिरणे वेगळे. ते केंद्र कुठले आणि परीक्षा कुठली, हे मी लिहीत नाही. केंद्र चालवणाऱ्याने लबाडी केली, असेही नाही. प्रश्न एका दुकानाचा नसून व्यवस्थेचा आहे.

आता व्यवस्था काय आहे ते पाहा. कर्मचारी चयन मंडळाच्या, म्हणजे पूर्वीच्या व्यापमच्या, गेल्या काही वर्षांतल्या नियमपुस्तिका कुणीही उघडून पाहाव्यात. परीक्षा शुल्क अनारक्षित उमेदवाराला ५०० रुपये, आरक्षित वर्गातल्या राज्याच्या रहिवाशाला २५० रुपये. त्यावर पोर्टल शुल्क. अर्ज स्वतःच्या लॉगिनमधून भरला तर २० रुपये, कियोस्कवर जाऊन भरला तर ६० रुपये. म्हणजे ज्याच्या घरी संगणक, स्कॅनर, इंटरनेट आणि ते वापरणारे कुणीतरी आहे, त्याला २० रुपये. ज्याच्याकडे यातले काही नाही आणि जो पायी चालत खिडकीपाशी येतो, त्याला ६० रुपये.

चाळीस रुपयांचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. मी कॉमर्सचा माणूस, रक्कम टक्क्यांत मांडल्याशिवाय मला समजत नाही. ५०० रुपये भरणाऱ्याने घरून अर्ज भरला तर त्याला वरचा बोजा ४ टक्के पडतो. २५० रुपये भरणारा कियोस्कवर गेला तर त्याचा बोजा २४ टक्के होतो. सरकारने परिस्थिती पाहून ज्याचे शुल्क निम्मे केले, त्याच्याच डोक्यावर पोर्टलने सहापट टक्केवारी ठेवली. सवलत एका हाताने दिली आणि तिचा एक तुकडा दुसऱ्या हाताने काढून घेतला. आणि नोकरी शोधणारा मुलगा वर्षातून एकच अर्ज भरतो थोडाच? आठ अर्ज भरले तर नुसत्या फरकाचे ३२० रुपये होतात. स्कॅन, प्रिंट आणि जाण्या-येण्याचा खर्च वेगळा.

"आजकाल मोबाइल सगळ्यांकडे असतो, घरूनच भरावा की अर्ज," असाही एक सल्ला मिळतो. मोबाइल आहे हे खरे. पण फोटो ठरलेल्या मापात बसवणे, सहीचा आकार कमी करणे, दाखले अपलोड करणे, मध्येच साइट अडकली तर पैसे कापले गेले की नाही हे समजून घेणे, हे सारे चार इंचांच्या पडद्यावर करून पाहावे. बँकेत माझ्या खिडकीवर शिकलेसवरलेले लोकसुद्धा "पैसे गेले पण पावती आली नाही" म्हणत रडकुंडीला येतात. शिवाय एक अक्षर चुकले तर वर्ष वाया जाण्याची भीती. म्हणून मुलगा जाणत्याकडे, म्हणजे कियोस्कवाल्याकडे जातो. यात आळस कुठे आला?

कियोस्कवाल्यावरही अन्याय नको. दुकानाचे भाडे, वीज, इंटरनेट, दोन संगणक आणि सकाळपासून रात्रीपर्यंत डोळे फोडणे, एवढ्या श्रमाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. आपल्यातली कितीतरी मुले याच धंद्यावर घर चालवतात. कियोस्कवाल्याला पैसे मिळावेत की नाही, हा वाद नाहीच. ते कुणी द्यावेत, एवढाच प्रश्न आहे.

याचे उत्तर आपल्या व्यवहारात जुने आहे. कचेरीबाहेर बसणारा स्टॅम्प व्हेंडर आठवा. ५० रुपयांचा स्टॅम्प पेपर त्याने ५० रुपयांनाच विकायचा, हा नियम. त्याची कमाई म्हणजे सरकारने त्याला दिलेली सूट. वर पैसे घेतले तर कायद्याने तो गुन्हा. प्रत्यक्षात काय चालायचे ते तुम्ही-आम्ही जाणतो, पण निदान नियम तरी सरळ होता. आमच्या बँकांचेही तसेच. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली. त्यांनाच आज आपण बँक मित्र म्हणतो. बँक मित्राने ग्राहकाकडून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत, त्याचे कमिशन बँक देते. कारण उघड आहे. शाखा उघडण्याचा खर्च बँकेचा वाचला, तेव्हा मेहनतानाही बँकेनेच द्यायचा.

हाच हिशेब अर्जांना लावून पाहा. पूर्वी अर्ज छापावे लागत, वाटावे लागत, आलेले गठ्ठे उघडून नोंदवावे लागत. ड्राफ्ट आणि पोस्टल ऑर्डरी सांभाळायला माणसे लागत. तेव्हाही उमेदवाराला ड्राफ्टचे कमिशन पडत होते, ते मीच या हातांनी घेतले आहे. जुने सगळे चांगले होते, असा माझा दावा नाही. पण तो खर्च श्रीमंताला आणि गरिबाला एकच होता. आज कागद आणि माणसे यांचा कार्यालयाचा खर्च वाचला, माहिती टाइप करण्याचे काम उमेदवारावर किंवा कियोस्कवर आले. बचत झाली कार्यालयाची आणि बिल आले चालत आलेल्या मुलाला.

रेल्वेत पाहावे तर नेमके उलटे. आयआरसीटीसीवर घरबसल्या तिकीट काढले तर सेवाशुल्क पडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते माफ केले होते, सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा सुरू झाले. स्टेशनच्या खिडकीवर ते लागत नाही. तिथे युक्तिवाद असा, की घरी बसून सोय मिळते, तर सोयीचे पैसे द्या. ठीक आहे. मग भरतीच्या अर्जात जो गैरसोय सोसून खिडकीपाशी येतो, त्याच्याकडून जास्त पैसे कोणत्या तत्त्वाने घेतले जातात?

मोबाइलवरून पैसे देणाऱ्याचा खर्च तर सरकार आनंदाने उचलते. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराला बँकेचे शुल्क पडत नाही. बँकांचे नुकसान भरून काढायला सरकार प्रोत्साहन रक्कम देते. २०२४-२५ या वर्षाच्या छोट्या व्यवहारांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही, मीही चहाचे पैसे मोबाइलवरूनच देतो. पण माझ्या चहासाठी तिजोरी उघडते आणि त्या मुलाच्या अर्जासाठी बंद राहते, हे काही केल्या पटत नाही.

ही तऱ्हा केवळ आपल्याकडची नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याला मासे पकडण्याचा नाद लागला आहे. तिथे गळ टाकायलाही सरकारी परवाना लागतो आणि काही राज्यांत तो दुकानातून घेतला की दुकानाचे शुल्क वर द्यावे लागते. फोनवर तो त्यावर कुरकुरत होता. मी ऐकून घेतले. पण त्याचा परवाना हौसेचा आहे. परवडला नाही तर एक रविवार घरी जाईल. आपल्या मुलांचा अर्ज पोटाचा आहे.

आणि हे करणे सरकारला अशक्य आहे, असेही नाही. २०२३ साली लाडली बहना योजना आली तेव्हा लाखो बहिणींच्या केवायसीचे काम कियोस्कवरच व्हायचे होते. त्या वेळी सरकारने जाहीर केले की केवायसीचे पैसे केंद्राला सरकार देईल, बहिणींनी काही देऊ नये. काही ठिकाणी पैसे उकळल्याच्या तक्रारी झाल्या, पण तत्त्व मान्य झाले. बहिणीसाठी जे तत्त्व लागू पडले, ते तिच्या मुलासाठी का नाही? लोकसेवांची हमी देणारा कायदा देशात सर्वांत आधी, २०१० साली, आपल्याच राज्याने केला. त्याचा अभिमान आपण सांगतो. मग भरतीच्या दारापर्यंत पोचणे हीसुद्धा एक हमी असायला हवी.

म्हणून आपल्या मंडळाने येत्या सभेत ठराव करून तो शहरातल्या सर्व पक्षांच्या आमदारांना द्यावा, असे मी सुचवतो. मागण्या तीनच आहेत. एक, भरती परीक्षेचे पोर्टल शुल्क घरी आणि कियोस्कवर सारखेच असावे. कियोस्कवाल्याचा मेहनताना कमी न करता वरचा फरक परीक्षा घेणाऱ्या मंडळाने भरावा. दोन, ज्यांचे परीक्षा शुल्क निम्मे, त्यांचे पोर्टल शुल्कही निम्मे. तीन, प्रत्येक केंद्रावर दरपत्रक ठळक लावलेले असावे आणि पावतीवर शुल्क, पोर्टल, स्कॅन, प्रिंट असे वेगवेगळे आकडे छापलेले असावेत. दर आधी कळला असता, तर तो मुलगा आदल्या दिवशीच पैसे जमवून गेला असता.

निवडणुका आल्या की सगळे पक्ष आपल्या गणेशोत्सवाच्या मंडपात येतात, मराठी समाजाच्या योगदानावर भाषण करतात, शाल-श्रीफळ घेतात आणि निघून जातात. या खेपेस कुणी आले की शाल देण्याआधी हे तीन मुद्दे हातात द्यावेत. मागण्या केवळ मराठी मुलांसाठी नाहीत, राज्यातल्या प्रत्येक मुलासाठी आहेत. म्हणूनच त्या आपण मांडल्या तर शोभतील.

सरकार करील तेव्हा करील, तोवर आपण काय करू शकतो तेही लिहितो. आपल्या वाचनालयात एक संगणक आहे, स्कॅनर कुणीतरी दिला तर दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसायला तयार आहे. जो येईल त्याचा अर्ज भरून देऊ, मेहनताना काही नाही. माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे पुढे आले तर शनिवारीही बसता येईल. निवृत्त मंडळींपैकी अनेकांना हे काम उत्तम जमेल.

गल्लीतला तो मुलगा अजून येतो. पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. परवा त्याला मी हेच उदाहरण घातले: २५० वर ६० म्हणजे किती टक्के? त्याने कागदाला हात न लावता उत्तर दिले आणि हसला. मला हसू आले नाही.