पाच हजारांच्या आतली चोरी

जुन्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या समजावून देताना एका कुत्र्याचा दाखला घातला होता, हे कायद्याचा अभ्यास केलेल्यांस स्मरत असेलच. खिशात आमिष घेऊन कोणी चालू लागला, दुसऱ्याचे कुत्रे त्याच्या मागे निघाले, आणि धन्याच्या संमतीवाचून ते लबाडीने न्यावे असा त्याचा हेतू असला, तर कुत्रे त्याच्या मागे चालू लागताक्षणीच चोरी पुरी झाली. १८६० सालचा हा दाखला १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही कायम आहे. मुके जनावर फूस लावून नेणे ही चोरीच, याविषयी कायद्यास दीडशेहून अधिक वर्षे शंका नाही. शंका उत्पन्न झाली आहे ती त्या चोरीचा तपास कोणी करावयाचा, याविषयी.

नव्या संहितेने एक गोष्ट चांगली केली. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा, अपराध पहिलाच, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा चोरास तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली. पोटासाठी हात मारलेल्या पोरास सराईतांच्या संगतीत कोंडून पक्का चोर बनविण्यापेक्षा हे शतपट बरे, असे आम्ही मानतो. परंतु सोबतच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत हीच पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरविली आहे. जुन्या कायद्यात चोरी चार आण्यांची असली तरी दखलपात्र होती. आता कलम १७४ प्रमाणे ठाणे अंमलदाराने तक्रारीचा गोषवारा वहीत लिहून घ्यावा, फिर्यादीस मॅजिस्ट्रेटकडे जाण्यास सांगावे, आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम येईपर्यंत तपासास हात लावू नये!

यातील विसंगती पाहण्यास कायद्याची पदवी लागत नाही. चोराचा अपराध पहिला की दहावा, तो माल परत करणार की पचविणार, हे चोर सापडल्यावर कळावयाचे. आणि चोर सापडावयाचा तर तपास व्हावयास पाहिजे. शिक्षा ठरविताना दाखवावयाची दया कायद्याने ठाण्याच्या उंबरठ्यावरच दाखविली, आणि तीही चोरास. ज्याची वस्तू गेली त्याच्या वाट्यास मात्र कोर्टाचा हेलपाटा आला. ज्याचा वकील महिन्याच्या पगारावर आहे त्यास हे जड नाही. पण अशा माणसाची वस्तू पाच हजारांच्या आतली क्वचितच असते. भाजीवालीचा काटा, शाळकरी मुलाची जुनी सायकल, हमालाचा वापरलेला मोबाइल, या वस्तू त्या आकड्याखाली सापडतात. पंचवीस हजारांस घेतलेल्या जातिवंत कुत्र्याची पावती दाखविता येते. गल्लीतून उचलून आणलेले, सहा वर्षे मुलांबरोबर वाढलेले कुत्रे कोणी पळविले तर त्याची किंमत पंचनाम्यात काय लिहावयाची? बाजारभाव शून्य म्हणून त्याची चोरी अदखलपात्र, हा न्याय आमच्या गळी उतरत नाही.

कायदा बदलेपर्यंत फिर्याद कशी लिहावी हे तरी लोकांनी जाणले पाहिजे. पाच हजारांची अट केवळ साध्या चोरीस आहे. राहत्या घरातून, किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून, म्हणजे दुकान-वखारीतूनही, वस्तू गेली तर कलम ३०५ लागते. प्रवासी वा माल वाहणाऱ्या गाडीतून गेली तरी तेच. तेथे किमतीची अट नाही, गुन्हा दखलपात्र आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. हातातून हिसकावून नेली तर कलम ३०४. म्हणून ‘मोबाइल चोरीस गेला’ एवढेच न लिहिता तो कोठून व कसा गेला हे लिहावे. चोरी झाली असता ‘गहाळ’ म्हणून दाखला घेऊन घरी परतणे हे तर सर्वस्वी चूक. गहाळ वस्तूचा चोर कोण शोधणार? दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, घेणे ठाण्यास बंधनकारक आहे आणि तिची नक्कल फुकट मिळते. मोबाइलचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक आजच वहीत उतरवून ठेवावा. २०२३ साली सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर तो देऊन चोरीचा मोबाइल देशभर बंद पाडता येतो. पाळीव जनावराच्या मानेत बारीक चिप बसविता येते, तिचाही क्रमांक पंधरा अंकीच असतो. तेवढा खर्च झेपत नसेल तर अंगावरील खुणांसह छायाचित्र आणि लस टोचल्याचा कागद जपून ठेवावा. मालकी शाबीत करण्यास तोही उपयोगी पडतो.

आमच्या व्यापारी वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चोर माल नेतो तो बहुधा विकावयास, आणि घेणारा कोणीतरी बाजारातच बसलेला असतो. पावतीवाचून निम्म्या किमतीस आलेला मोबाइल किंवा पट्ट्याची खूण मानेवर दिसणारे कुत्रे घेताना ‘मला काय ठाऊक’ ही सबब पुरत नाही. माल चोरीचा आहे असे मानण्यास कारण असता तो घेणाऱ्यास कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे साध्या चोराइतकीच.

अनुसूचीतील ती एक ओळ बदलण्यास फार मोठ्या विधेयकाची गरज नाही. समाजसेवेची तरतूद जशीच्या तशी ठेवून गुन्हा तेवढा दखलपात्र करावा. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय आहे. तेव्हा दिल्लीस सवड नसेल तर महाराष्ट्र विधिमंडळास राष्ट्रपतींच्या संमतीने ही दुरुस्ती करता येते. आमच्या शहराच्या आमदारांपैकी कोणी पुढील अधिवेशनात ती मांडतो की काय, हे आम्ही पाहत आहो.