कचरा उचला, पण आधी मोजा



दरवर्षी सप्टेंबरचा तिसरा शनिवार आला की किनाऱ्याजवळच्या अनेक शाळांमध्ये लगबग सुरू होते. हातमोजे, पोती, बॅनर, ग्रुप फोटो. दोन तासांत किनारा लख्ख! पुढच्या उधाणाला पुन्हा कचरा हजर. मग एखादं मूल विचारतं, "बाई, हे परत कुठून आलं?" याचं उत्तर द्यायचं तर आपण काय काय उचललं याची नोंद हवी. बहुतेक ठिकाणी नेमकी तीच नसते.

खरं तर या उपक्रमाची सुरुवातच नोंदींपासून झाली. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी कचरा उचलता उचलता त्याची यादीही केली. आपण त्यातलं उचलणं तेवढं घेतलं, लिहिणं मागे राहिलं.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून एकदा अख्खा किनारा झाडण्यापेक्षा दर महिन्याला तोच १०० मीटरचा पट्टा मोजावा. वहीत रकाने आखा: खाऊची वेष्टनं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, झाकणं, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, चपला. काही सापडलं नाही तर शून्य लिहा, कारण शून्य हीसुद्धा नोंदच. जागा आणि पद्धत तीच ठेवली तरच जुलै आणि जानेवारीची तुलना करता येते. पावसाळ्यात नद्या-नाले काय वाहून आणतात, हे मुलांना मग सांगावं लागत नाही. आकड्यांतूनच दिसतं.

शेजारी दुसरा तक्ता हवा तो सजीवांचा. खेकड्यांची बिळं, शंख-शिंपले, पक्षी, कासवाच्या पावलांचे माग. हात न लावता पाहायचं, फोटो काढायचा, लिहायचं. वाहून आलेलं लाकूड आणि समुद्री शेवाळ उचलायचं नाही. तो कचरा नव्हे, कुणाचं तरी घर किंवा अन्न आहे. जखमी किंवा मेलेलं कासव, डॉल्फिन दिसलं तर मुलांना लांब ठेवून वनविभागाला कळवायचं.

सामान्य माणसांच्या नोंदींना किंमत असते का? वेळासला २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. किती घरटी, किती अंडी, किती पिल्लं समुद्रात गेली, हे लिहून ठेवलं. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे स्वयंसेवक ओहोटीच्या वेळी फिरून किनाऱ्यावरचे जीव टिपतात. शहराच्या किनाऱ्यावर एवढं जिवंत आहे, हे अनेकांना त्यातूनच कळलं.

"आमच्या मुलांनी लोकांचा कचरा का उचलायचा?" असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. काच, सुया, घाण यांपासून मुलं लांबच हवीत. लहानांनी फक्त मोजावं, उचलण्याचं काम मोठ्यांनी करावं. आणि "अभ्यासक्रम कधी संपवायचा?" याचं उत्तर असं की हाच अभ्यास आहे. मोजणी, वर्गीकरण, चित्रालेख, परिसर अभ्यास, सगळं एका फेरीत येतं. जायची वेळसुद्धा मुलांना काढू द्या. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. तरीही निघण्याआधी गावातल्या कोळी बांधवांना विचारून खात्री करा.

वर्षाअखेरी मुलांनी हा तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा. जाळ्यांचे तुकडे जास्त निघाले तर जेटीवर जुनी जाळी गोळा करायची सोय मागता येईल. वेष्टनं जास्त असतील तर किनाऱ्यावरच्या टपऱ्यांशी बोलता येईल. नुसतं "किनारा घाण आहे" म्हटलं तर सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. आकडा समोर ठेवला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

समुद्र लांब असलेल्या शाळांनी गावचा ओढा किंवा नदीचा घाट निवडावा. तिथला कचराही पुढे आमच्याकडेच येतो. येत्या महिन्यात एक वही, एक दोरी आणि १०० मीटर, एवढ्यावर सुरुवात करून बघा.