दाट शक्यता

गोदीत गोण्यांची मोजणी चुकली की पुन्हा मोजतात. मोजणारा शिव्या घालतो, पण मोजतो. गोणीला जे मिळतं ते माणसाला मिळतं का? लिओनार्ड पेल्टिअरचा खटला वाचताना हाच सवाल माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला.

पेल्टिअर अमेरिकेतला आदिवासी, अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचा माणूस. २६ जून १९७५ रोजी साऊथ डाकोटातल्या पाइन रिज या आदिवासी राखीव भागात गोळीबार झाला. एफबीआयचे दोन एजंट मेले. एक आदिवासी तरुणही मेला. त्याच्या मरणाबद्दल खटला कुणावरच नाही. एजंटांच्या खुनाच्या खटल्यात पेल्टिअरच्या दोन साथीदारांना १९७६ साली ज्यूरीने सोडलं. पेल्टिअरला मात्र १९७७ साली दोन जन्मठेपा.

पुढे दडवलेले सरकारी कागद बाहेर आले. त्यांत एफबीआयचाच ऑक्टोबर १९७५चा संदेश होता, रायफलीची फायरिंग पिन जुळत नसल्याचा. ज्यूरीने तो कधी पाहिलाच नव्हता.

शिक्षा कायम झाल्यावर फेडरल कैद्याला एक दार उरतं, कलम २२५५चा अर्ज. तोही शिक्षा देणाऱ्या कोर्टातच करायचा! पेल्टिअरचा अर्ज गेला त्याच जज्जापुढे. नामंजूर. मग वर अपील. सप्टेंबर १९८६मध्ये आठव्या सर्किट कोर्टाने काय म्हणावं? कागद दाखवले असते तर ज्यूरीने सोडलं असतं अशी शक्यता आहे, पण दाट शक्यता नाही. अपील फेटाळलं.

एका 'दाट' शब्दापायी आणखी अडतीस वर्षं! निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती हीनींनी १९९१ साली दयेच्या बाजूने पत्र लिहिलं. तरी दार उघडलं नाही. उलट १९९६च्या कायद्याने ते सगळ्याच कैद्यांसाठी अरुंद केलं: अर्जाला एका वर्षाची मुदत, आणि नकाराविरुद्ध अपील करायलाही आधी परवानगी काढा.

जानेवारी २०२५मध्ये बायडननी जाता जाता उरलेली शिक्षा घरात भोगायची मुभा दिली. फेब्रुवारीत ऐंशी वर्षांचा म्हातारा घरी पोचला. दोषाचा शिक्का तसाच.

दोस्तांनो, तो निर्दोष आहे अशी शपथ मी घेत नाही. मेलेले एजंटही कुणाची तरी पोरं होती. मी एवढंच म्हणतो, कोर्टाच्याच तोंडून शंका निघाली, तर पुन्हा मोजा. गोणीसाठी मोजता, माणसासाठी का नाही?