डावा हात, उजवा हात आणि आठवणी



मुलाने डाव्या हातात पेन्सिल धरली की घरातले वडीलधारे ती काढून उजव्या हातात देतात. काही घरांत तर हातावर फटकेही बसतात. शंभरात सुमारे दहा माणसे डावखुरी असतात आणि त्यात दोष काहीच नाही. तेव्हा फटके मारणे आधी बंद करा.

शास्त्रज्ञांनी मात्र निराळाच प्रश्न विचारला आहे. हात कोणता यापेक्षा माणूस त्या एकाच हाताला किती धरून आहे? १९७१ साली ओल्डफिल्ड यांनी यासाठी प्रश्नावली छापली. तीत लिहिण्याबरोबर कात्री, चमचा, दात घासणे, काडेपेटीची काडी ओढणे, एवढेच काय, झाडूही आहे! उजव्या हाताने लिहिणारे कितीतरी जण यातली काही कामे डाव्या हाताने करतात. त्यांना मिश्रहाती म्हणू.

अमेरिकेतील ख्रिस्टमन, प्रॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की पक्क्या उजव्या माणसांपेक्षा मिश्रहाती माणसांना घडलेले प्रसंग सरासरीने बरे आठवतात. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात मिश्रहाती लोकांची बालपणीची पहिली आठवणही अधिक लहान वयातली निघाली. मेंदूच्या दोन अर्धांमधली देवाणघेवाण त्यांच्यात जास्त असावी, असा त्यांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. शिवाय ही गोष्ट सरासरीची. म्हणून मुलाला मुद्दाम दोन्ही हातांनी लिहायला बसवू नका.

प्रसंग आठवायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कार्यस्मृती. दुकानात पोहोचेपर्यंत मीठ, साबण, चहा, काडेपेटी मनात धरून ठेवतो, ती ही. एका वेळी तिच्यात साधारण चारच गोष्टी मावतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आजी तो दिवस सांगू लागते तेव्हा जागा, माणसे, आधी काय, नंतर काय, हे सारे तिला एकाच वेळी मनात धरावे लागते. तेवढ्यात टीव्ही मोठ्याने लागतो, नातू मध्येच तिसरेच विचारतो आणि धागा तुटतो. मग घरचे म्हणतात, "म्हातारीला आता काही आठवत नाही!" आठवण गेलेली असतेच असे नाही. टीव्ही बंद करा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि ती थांबली तर तिचे शेवटचे वाक्य तिलाच पुन्हा ऐकवा. बहुतेक वेळा ती तिथूनच पुढे सांगू लागते.