फोटो नंबर ५१ कोणाचा?



डीएनएची रचना कुणी शोधली असं मुलांना विचारलं की दोन नावं ठरलेली, वॉटसन आणि क्रिक. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉटसन वारले आणि जुना वाद पुन्हा वर आला, म्हणून या वेळी आम्ही तिसरं नाव घेतो : रोझलिंड फ्रँकलिन. लंडनच्या ज्यू घराण्यातली मुलगी, जन्म १९२०. तेल अवीवच्या समुद्रकाठच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते हर्बर्ट सॅम्युअल तिच्या वडिलांच्या आत्याचे यजमान. म्हणजे नातं आपल्या दारापर्यंत आलंच की!

किंग्ज कॉलेजात ती क्ष-किरणांनी डीएनएचे फोटो काढी. मे १९५२ मध्ये तिच्या हाताखाली गॉसलिंग या विद्यार्थ्याने काढलेला ५१ नंबरचा फोटो विल्किन्स यांनी जानेवारी १९५३ मध्ये वॉटसनना दाखवला, तिला न विचारता. पण सगळी गोष्ट त्या एका फोटोवर टांगणं आम्हाला पटत नाही. खरा माल तिच्या मोजमापांत होता. ती मोजमापं असलेला अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून केंब्रिजच्या जोडीला मिळाला आणि दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात हे क्रिकनी त्यावरून ओळखलं. अहवाल गुप्त नव्हता, हे खरं. पण जिचं काम तिला सांगायला काय झालं होतं? जोड्या कशा जुळतात ते मात्र वॉटसननीच शोधलं, ते श्रेय त्यांचंच.

२५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये तीन लेख आले. तिचा शेवटी, जणू पहिल्याला नुसता दुजोरा. १९५८ मध्ये कर्करोगाने ती गेली, वय अवघं ३७. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक, विल्किन्स यांना मिळालं. पुढे १९६८ मध्ये वॉटसननी पुस्तकात तिला 'रोझी' म्हणून तिच्या कपड्यांवर शेरे मारले. याला आपल्याकडे काय म्हणतात ते आम्ही इथे लिहीत नाही!

तिच्या बाजूने उभे राहिले ॲरन क्लूग. बर्कबेक कॉलेजात त्यांनी तिच्याबरोबर विषाणूंवर काम केलं होतं. तिच्या वह्या तपासून ती उत्तराच्या किती जवळ होती हे त्यांनी १९६८ मध्येच छापलं, आणि १९८२ मध्ये स्वतःला नोबेल मिळालं तेव्हा भाषणात तिचं नाव घेतलं. लंडनला विल्सडनच्या ज्यू कबरस्तानात तिच्या दगडावर विषाणूंवरच्या कामाचा उल्लेख आहे. डीएनएचा नाही.